खुली जवारी

"डास कोंडल्यागत वाटतंय," संग्राम म्हणाला. "पत्र्याच्या डबड्यात."

मी गिटारच्या तारांवर हात ठेवून आवाज बंद केला. गुरुवार होता, साडेअकरा वाजले होते. वीज अकराला आली होती, तीनला पुन्हा जाणार होती. मिरजेत त्या वर्षी भारनियमनाचं वेळापत्रकच असायचं, आणि आमच्या गल्लीच्या वाट्याला दिवसाचे हेच चार तास धड येत. उद्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत गाणं पुण्याला पोचायला हवं होतं, आणि माझ्याकडे अजून गिटारचा आवाजच नव्हता.

मी एकोणीस वर्षांची होते. आम्ही तिघं होतो. कुपवाडचा संग्राम मगदूम गायचा, म्हणजे घसा फोडून गुरगुरायचा. डॅनियल सातपुते बास वाजवायचा आणि ड्रम माउसनं एकेक ठोका मांडून संगणकात बसवायचा. त्याची आई नर्स होती, तिची रात्रपाळी असली की ती दिवसा झोपायची, म्हणून त्याच्या घरी काही वाजवता यायचं नाही. गिटार माझी. आमचा मेटल बँड, नाव 'हाडवैर'. पुण्याच्या एका कॉलेजच्या महोत्सवात सहा नव्या बँडना वाजवायला मिळणार होतं, आणि निवड पाठवलेल्या रेकॉर्डिंगवरून व्हायची होती.

आमच्याकडे अ‍ॅम्प नव्हता. त्याऐवजी संगणकात एक सॉफ्टवेअर होतं. गिटारची वायर हातात मावेल एवढ्या निळ्या डब्यात जायची, डब्याची संगणकात, आणि पडद्यावर अ‍ॅम्पचं चित्र यायचं. चित्रातली बटणं माउसनं फिरवायची. खऱ्या अ‍ॅम्पला स्पीकर असतो, स्पीकरपुढं माइक असतो, तसा तिथं खोटा स्पीकर आणि खोटा माइक. सगळं खोटं, पण जमलं तर आवाज भिंत अंगावर यावी तसा यायचा. इंटरनेटवर लोक बटणांचे आकडे लिहून ठेवायचे. मी ते वहीत उतरवून आणायची आणि तसेच लावायची. दर वेळी डासच यायचे. मग मी गेन वाढवायची. गेन म्हणजे तारेचा आवाज किती फाडायचा, त्याचं बटण. त्या दिवशी ते नऊवर होतं.

"दहावर ने," संग्राम म्हणाला.

मी नेलं. डास वाढले.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि अब्बा दारात येऊन उभे राहिले. खाली त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला टांगलेले भोपळे, एक लाकूड कापायची मोटार आणि खिडकीपाशी त्यांची बैठक. सतारी आणि तंबोरे करणं हे आमच्या घराचं काम. कामाच्या वेळी अब्बा कधी वर येत नसत. हातांना कोपरापर्यंत भुसा लागलेला होता. संग्राम कॉटवरून उठून उभा राहिला. त्याला वाटलं, आता ओरडा बसणार. डॅनियलनं स्पीकरचा आवाज कमी केला.

अब्बांनी हातानंच खूण केली, पुन्हा वाजव. मी वाजवलं. ते मान तिरकी करून ऐकत राहिले.

"जवारी फार खुली झालीय," ते म्हणाले. "मिटव थोडी."

घरात आमची बोली दख्खनी. इथं मी सगळं मराठीतच सांगतेय. पण जवारी हा शब्द दोन्हींत एकच. तंबोऱ्याची तार भोपळ्यापाशी बसवलेल्या हाडाच्या घोडीवरून जाते तिथं ती नुसती टेकत नाही, घोडीच्या माथ्याला थरथरत घासत राहते. त्या घासण्यातून जो झंकार उठतो ती जवारी. ती कानशीनं घोडीचा माथा घासून काढावी लागते. जास्त खुली झाली तर तार चिरकते, जास्त मिटली तर मुकी होते. मधली जागा केसाएवढी. ती सापडणारे हात गावात मोजके होते, आणि त्यांत अब्बांचं नाव आधी घेतलं जायचं. हुबळी-धारवाडपासून पुण्यापर्यंतचे गवई तंबोऱ्यांच्या जोड्या घेऊन यायचे.

मी गेन पाचवर आणला. आपण काहीतरी काढून टाकतोय असं वाटत होतं, पण वाजवल्यावर गिटारला एकदम अंग आलं. मघापर्यंत सगळे स्वर एकमेकांत कालवलेले होते, ते सुटे झाले. संग्रामनं डॅनियलकडे पाहिलं.

मग अब्बा स्टूल ओढून बसले. तारा बोटानं चाचपून त्यांनी सांगितलं की या मेल्यात, नव्या घाल. डॅनियल सायकलवरून गल्लीच्या तोंडाशी जाऊन तारांचा संच घेऊन आला. उजव्या तळव्याची कड घोडीच्या जरा पुढं टेकवून तार दाबूनच छेडायची हे मला ठाऊक होतं. पण अब्बांनी माझा हात धरून तो दोन सूत मागं सरकवला आणि म्हणाले, घाबरत मारतेस, तारेला आधी मार कळायला पाहिजे. दोनच्या सुमाराला आमच्याकडे आवाज होता. पुरता नव्हे, पण आवाज म्हणण्यासारखा.

मला फार आनंद झाला, आणि त्याहून जास्त अस्वस्थ वाटत होतं, कारण हे सगळं काल व्हायला हवं होतं. मी सारखी घड्याळाकडे बघत होते. अब्बा मात्र पडद्याकडे बघत होते. तिथं एका चौकटीत हिरवी रेघ डोंगरासारखी वरखाली होत होती. त्यांनी विचारलं, हे काय. मी सांगितलं, डावीकडं खालचे स्वर, उजवीकडं वरचे. जिथं उंचवटा तिथला आवाज मोठा.

"म्हणजे आवाज दिसतो?"

"दिसतो."

"आणि हे पार उजवीकडचं?"

ती चरचर, मी म्हणाले, ती काढायचीय. तार नव्हे, तारेवरचा कचरा. ते त्या टोकाकडे वाकून बघत राहिले. खालून अम्मीनं दोनदा हाक मारली. हुबळीच्या गायिका इंदिराबाई नाडगौडा परवा, शनिवारी येणार होत्या आणि त्यांच्या तंबोऱ्यांची जोडी आठ दिवस बैठकीवर पडून होती. अब्बा दोन्ही वेळा "येतो" म्हणाले आणि बसून राहिले. ते माझ्यासाठी बसलेत असंच मला वाटलं. माझ्या कुठल्याही गोष्टीसाठी अब्बा इतका वेळ कधी बसले नव्हते.

शुक्रवारी संग्रामची प्रॅक्टिकल होती. तो तीनला येऊन सीडी घेणार आणि नेट कॅफेतून गाणं पाठवणार असं ठरलं. म्हणजे अकरा ते तीन एवढ्यात मला गिटार दोनदा वाजवायची होती. मेटलमध्ये तेच तंतोतंत दोनदा वाजवतात, एक डाव्या कानात ठेवतात, एक उजव्या. त्याशिवाय भिंत उभी राहत नाही. अकराच्या ठोक्याला वीज आली. डॅनियल यायच्या आधी अब्बा वर येऊन स्टुलावर बसलेले होते.

चरचर अजून राहिलीच होती. कढईत पाण्याचा थेंब पडावा तशी, प्रत्येक ठोक्याच्या टोकाला. ती नेमकी कुठं आहे हे शोधायची एक रीत आहे. आवाजाचा एकच बारीकसा पट्टा खूप मोठा करायचा आणि तो हळूहळू खालून वर नेत जायचं. जिथं कानाला सहन होत नाही, तिथं ती सापडली. मग तिथंच कापायचं. माझा एक हात माउसवर आणि नजर आकड्यांवर असणार म्हणून मी अब्बांना म्हणाले, टोचायला लागलं की हात वर करा.

आधी वाजवून ठेवलेला गिटारचा तुकडा लावून मी पट्टा वर न्यायला लागले. दोन हजार हर्ट्झवर त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुढं गेले. चार हजारांच्या पलीकडं आवाज असा झाला की डॅनियलनं दोन्ही कानांवर हात दाबले. माझे दात शिवशिवले. मी अब्बांकडे वळून पाहिलं. त्यांचा हात मांडीवर होता. आठी गेली होती.

"बंद केलंस का?" त्यांनी विचारलं.

डॅनियलनं माझ्याकडे पाहिलं. मी काही तरी पुटपुटले, वायर हलली म्हणाले, आणि पुन्हा खालून सुरुवात केली. या वेळी बरोबर चार हजारांच्या पुढं अब्बांनी हात वर केला. माझा जीव भांड्यात पडला. पण मग मला दिसलं की ते माझ्याकडे बघत नव्हते, पडद्यावरच्या हिरव्या उंचवट्याकडे बघत होते. मी उठले, पाणी घ्यायला गेल्यासारखी, त्यांना पडदा दिसणार नाही अशी मध्ये उभी राहिले आणि तिथूनच हात लांब करून पट्टा तिसऱ्यांदा वर नेला. खोलीत कुणी काच घासतंय असं झालं. खिडकीतलं कबूतर उडालं. अब्बांचा हात मांडीवरच राहिला.

मी सॉफ्टवेअर थांबवलं.

गेल्या वर्षभरात दोन तंबोरे परत आले होते, एक बेळगावहून, एक पुण्याहून. आवाज बोचतो, असं लोकांचं म्हणणं. अब्बांनी दोन्ही वेळा हवेला दोष दिला होता. अम्मी म्हणायची, ह्यांचं लक्ष नसतं हल्ली, कुकर शिट्ट्या मारून मारून थकतो. मी ते सगळं ऐकत होते आणि एकात एक मिळवलं नव्हतं.

"सापडलं?" अब्बांनी विचारलं.

"सापडलं," मी म्हणाले.

अब्बांनी मांडीवरचा भुसा झटकला. मग उठून खाली गेले.

डॅनियल म्हणाला, पावणेबारा झालेत, सुरुवात करूया. मी कानाला हेडफोन लावले आणि डावी बाजू वाजवली. तिसऱ्या खेपेला ती जमली. आवाज असा लागला होता की एरवी मी उड्या मारल्या असत्या. डॅनियलनं लगेच उजवी बाजू लावली, चार ठोके मोजले, आणि मी पहिल्याच ठिकाणी चुकले. पुन्हा मोजले, पुन्हा चुकले. हेडफोनमधून ड्रम धडधडत होते, तरी त्याच्या मागं मला खालची कानस ऐकू येत होती. आठ-दहा हात. मग थांबणं. मग तार चढवून एक छेड. मग पुन्हा कानस. खरं तर तेवढ्या आवाजात ती ऐकू येणं शक्य नव्हतं. पण छेड मात्र खरोखर येत होती, आणि दर वेळी ती आधीपेक्षा जास्त चिरकत होती. ते उघडत चालले होते. आपल्याला जो झंकार ऐकू येत नाही तो तारेत आलेलाच नाही असं समजून ते घोडी घासत होते, आणखी घासत होते, आणि परवा नव्हे, उद्याच इंदिराबाई येणार होत्या.

चौथ्यांदा चुकल्यावर मी गिटार खांद्यावरून काढली.

"तस्नीम, तीनला वीज जाईल," डॅनियल म्हणाला.

"माहितेय."

"एकच बाजू राहिलीय."

मी त्याला म्हणाले, मी येते. मला खरंच वाटत होतं की मी दहा मिनिटांत येईन. काय करायला जातेय हेही नीट ठाऊक नव्हतं. जिना उतरताना मधल्या पायरीवर मी थांबले, परत वर गेले, पुन्हा उतरले.

अब्बा खिडकीपाशी बसले होते. एक तंबोरा भिंतीला उभा, दुसरा मांडीवर आडवा. मी समोर बसले आणि काही न विचारता चारही तारा छेडल्या. पंचम, मधल्या दोन जोडाच्या, खरज. तारा बोलत नव्हत्या, ओरडत होत्या. मग उभा असलेला छेडला. तोही तसाच.

त्या खोलीत अब्बांच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी तर त्या बैठकीवर बसलेही नव्हते कधी. मुलींनी बसू नये असा काही नियम नव्हता, पण बसायला कुणी सांगितलंही नव्हतं.

"अब्बा," मी म्हणाले, "फार खुली झालीय."

त्यांनी मान वर केली नाही. घोडीवरची पूड फुंकली. अंगठ्यानं माथा पुसला. मला वाटलं, आता हातातली कानस फेकतील, नाहीतर उठून निघून जातील.

"किती?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"खूप म्हणजे काय? नीट सांग."

मला नीट सांगता येईना. मी म्हणाले, सगळ्या तारांवर चरचर आहे, जोडावर सगळ्यात जास्त, पंचमाची सुरुवात बरी आहे पण नंतर फाटतो. ते लक्ष देऊन ऐकत होते, माझं बोलणं कानात साठवत असल्यासारखे. मग त्यांनी कानस खाली ठेवली.

"दीड वर्ष झालं," ते म्हणाले. "आधी वाटलं तारा खराब यायला लागल्या. दोन दुकानं बदलली. मग वाटलं हाड खराब आहे. मग कळलं."

अम्मीला सांगितलं का, मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. गल्लीत एकदा ही गोष्ट फुटली असती तर पुढच्या आठवड्यापासून जोड्या दुसऱ्यांच्या दारात उतरल्या असत्या, हे मलाही कळत होतं.

"तुझ्या त्या पडद्यावर आवाज दिसतो," ते म्हणाले. "तंबोरा त्याच्यापुढं ठेवला तर दिसेल का, एवढं विचारायला वर आलो होतो. काल. आजही. विचारता आलं नाही."

म्हणजे ते माझ्या गिटारसाठी आले नव्हते. हे ऐकून मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. मी म्हणाले, दिसेल, पण दिसून उपयोग नाही. रेघ सगळ्यांची सारखीच दिसते. गोड कुठली आणि बोचरी कुठली हे त्या रेघेत नसतं. ते ऐकावंच लागतं.

त्यांनी कानस उचलली, दांड्याकडून माझ्यासमोर धरली आणि स्वतः बाजूला सरकून बैठकीवर जागा केली.

जास्त खुललेली जवारी नुसती मिटवता येत नाही. घोडीचा सगळा माथा पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो. अब्बांनी माझं मनगट धरलं. घासू नकोस, पुसल्यासारखी चालव, ते म्हणाले. पाच हात. थांब. तार चढव. ऐक. काय ऐकू येतं ते सांग. मी सांगायची, आणि त्यावरून ते ठरवायचे, कुठं, किती, कुठल्या कडेला. माझी बोटं सोलवटली. मी सांगायला चुकायची, ते पुन्हा विचारायचे, चरचर की झणझण, पुढं की मागं. मला त्या शब्दांतला फरक तोवर ठाऊकच नव्हता.

तीन वाजता वरचा पंखा थांबला तेव्हा मला गाण्याची आठवण झाली.

संग्राम दारात उभा होता. त्याच्या मागं डॅनियल. वीज जायच्या आधी डॅनियलनं त्याला वर नेऊन सगळं ऐकवलं असावं. संग्रामनं मला बाहेर बोलावलं.

"एका बाजूची गिटार पाठवायची?" तो म्हणाला. "दोन महिने झाले या गाण्याला."

मी म्हणाले, मला खाली काम आलं. कसलं काम, ते सांगता येत नव्हतं. त्यानं माझ्या हातांवरची पांढरी पूड पाहिली. तू तंबोरे घासत होतीस, तो म्हणाला, आमची गिटार सोडून तू तंबोरे घासत होतीस. मी होय म्हणाले. डॅनियलला खरं काय ते माहीत होतं. त्याला ते एका वाक्यात सांगून मला सोडवता आलं असतं. तो माझ्याकडे बघून गप्प राहिला, आणि मी त्याची आजही त्यासाठी ऋणी आहे. डॅनियलनं वीज असतानाच उतरवून ठेवलेली सीडी घेऊन ते दोघं सायकलींवर बसून गेले.

मी रस्त्यावर उभी राहिले. पळत गेले असते तर कोपऱ्यावर गाठले असते. पण गाठून करायचं काय, वीज तर गेली होती. आत अब्बा बैठकीवर तसेच बसून होते, माझी जागा मोकळी ठेवून.

अंधार पडेपर्यंत एक तंबोरा झाला. दुसरा शनिवारी पहाटे सहाला घेतला. नऊच्या सुमाराला जोडाची तार अशी बोलली की मी कानस ठेवून दिली. छेड संपली तरी तिच्यातून स्वर बाहेर येतच होते, एकातून एक, आणि कुठंही टोचत नव्हते. अब्बांना ते ऐकू आलं नाही. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"झालं?"

"झालं."

साडेअकराला इंदिराबाई आल्या. सत्तरी ओलांडलेली, जाड चष्मा, पांढऱ्या केसांचा आवळून बांधलेला अंबाडा. आल्या तशा सतरंजीवर बसल्या आणि चहा नंतर म्हणाल्या. दोन्ही तंबोरे स्वतः जुळवले. एक मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि छेडत राहिल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी दुसरा घेतला. तोही तितकाच वेळ. त्यांना काही सांगायचं असतं तर एवढा वेळ लागला नसता, असं मला वाटायला लागलं, आणि मग वाटलं, सांगायचं आहे म्हणूनच एवढा वेळ लागतोय.

"हसनसाहेब," डोळे उघडून त्या म्हणाल्या, "जवारी चांगली आहे. पण तुमच्या हातची नाही."

"त्यांचीच आहे," मी घाईनं म्हणाले.

अब्बांनी हात वर करून मला थांबवलं.

"हिनं काढलीय," ते म्हणाले. "तस्नीमनं. मी नुसता शेजारी बसलो होतो. मला वरचं ऐकू येत नाही, बाई. दीड वर्ष झालं."

आतल्या दारात अम्मी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिलाही हे तिथंच कळलं. कप बशांवर वाजले. अब्बांचे हात गुडघ्यांवर होते आणि मान ताठ होती. निकालाची वाट बघणारा माणूस बसतो तसे ते बसले होते.

इंदिराबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"मला दोन वर्षं झाली, वरचा षड्ज लागत नाही," त्या म्हणाल्या. "तो आला की मी शिष्येकडं बघते, ती लावते. लोक म्हणतात, बाईंचं मन मोठं, शिष्येला पुढं आणतायत."

अब्बांनी त्यांच्याकडे पाहिलं. आधी नुसते बघत राहिले, मग हसायला लागले. मी त्यांना असं हसताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. बाईही हसल्या. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी पहिला तंबोरा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, खरज अजून थोडा मिटलेला आहे, तेवढा बघून दे मुली, मी चहा घेते.

मला पाव तास लागला. बाईंना जेवायला अम्मीनं ठेवून घेतलं. तेवढ्या वेळात मी त्यांना विचारून एक तंबोरा वर नेला आणि संग्रामच्या गाण्याचा माइक तिथंच राहिला होता, त्याच्यापुढं दोन मिनिटं छेडून रेकॉर्ड करून ठेवला.

आमचं गाणं शुक्रवारी पाचच्या आत पोचलं. डॅनियलनं कॅफेतच बसून डाव्या बाजूची गिटार उजवीकडं चिकटवली होती. तसं केल्यानं भिंत होत नाही, आवाज मधोमध गोळा होतो. आठ दिवसांनी सहा नावं लागली, त्यांत 'हाडवैर' नव्हतं. संग्राम महिनाभर बोलला नाही, नंतर बोलायला लागला, पण आम्ही तिघं पुन्हा एका खोलीत बसून वाजवलं नाही. त्याचा दोष मी कुणाला देत नाही. डॅनियल पुढं मुंबईला आवाजाच्याच कामात गेला. आज खालच्या बैठकीवर मी बसते. आधी लोक आत येऊन विचारायचे, घरात कुणी आहे का. आता विचारत नाहीत.

पण मला सांगायचा आहे तो त्या शनिवारनंतरचा रविवार.

अकराला वीज आल्यावर मी अब्बांना वर बोलावलं. रेकॉर्ड केलेल्या तंबोऱ्यातलं खालचं सगळं मी कापून टाकलं होतं, आणि फक्त वरचा भाग ठेवला होता, जो त्यांना ऐकू येत नव्हता. गिटारमधली चरचर काढायला जे करत होते, त्याच्या अगदी उलट. मग तो उरलेला भाग सॉफ्टवेअरमध्ये दोन सप्तकं खाली आणला. तसा तो ऐकायला चमत्कारिक लागत होता, विहिरीत बोलल्यासारखा. स्वरांची मूळची जागा आता राहिली नव्हती, पण हालचाल तीच होती. एकातून एक उमलणारे स्वर तेच होते.

मी त्यांच्या कानांवर हेडफोन बसवले आणि सुरू केलं.

ते निश्चल बसले. पडद्याकडे बघितलं नाही, डोळे मिटून घेतले. दोन मिनिटं संपल्यावर त्यांनी बोट वर केलं, पुन्हा. मी पुन्हा लावलं. असं सहा-सात वेळा झालं. त्यांच्या गालावरून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

शेवटी त्यांनी हेडफोन काढले.

"हे असं आहे होय," ते म्हणाले. "माझ्या डोक्यात जी जवारी राहिली होती ती वेगळीच. मी तिच्यामागं घासत होतो."

"वाईट आहे का ही?"

"नाही." त्यांनी हेडफोनची वायर गुंडाळली, सुटली म्हणून पुन्हा गुंडाळली, आणि माझ्या हातात दिली. "चांगली आहे. पण मला विचारू नकोस आता. तू म्हणशील ती खरी."

ते जिना उतरून खाली गेले. थोड्या वेळानं लाकडावर रंधा चालायला लागला, सावकाश, एका लयीत.